सोळा अमावास्या

मंगळवारी सकाळी लेथच्या चकात चावी तशीच राहिलेली चंदनाने पाहिली, आणि तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

चक म्हणजे लेथचा जबडा. त्यात लोखंडाचा तुकडा घट्ट धरायचा आणि मग तो गरागरा फिरवायचा. जबडा आवळायला हातभर दांड्याची एक चावी असते. आवळून झालं की आधी ती काढायची, मगच मशीन चालू करायचं. विसरली तर पहिल्याच फेऱ्याला ती गोळीसारखी सुटते आणि कुणाच्या कपाळात बसेल सांगता येत नाही. आष्ट्यातल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये नवा कामगार आला की तिचा मुलगा भरतेश त्याला पहिले आठ दिवस दुसरं काही शिकवतच नसे. चावी लाव, आवळ, काढ, खिळ्याला अडकव. पुन्हा लाव. कामगार वैतागायचे, आणि भरतेश शांतपणे म्हणायचा, "वैताग आला तर चालतंय. चावी राहिलेली चालत न्हाई."

त्याच भरतेशचा हात त्या सकाळी चालू करायच्या बटणावर होता, आणि चावी चकात होती.

चंदना ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "भरतेश, चावी." त्याने ती काढली, खिळ्याला अडकवली आणि मशीन चालू केलं. दचकला नाही, जीभ चावली नाही, काही नाही.

ती नजर तिच्या डोळ्यांपुढून हलेना. विसरलेला माणूस भलतीकडेच बघत असतो. हा चावीकडेच बघत होता. निदान तिला तसं वाटलं, आणि मग वाटलं की आपल्यालाच तसं वाटत असेल. आईच्या मनाला कसलीही शंका लवकर चिकटते.

दुपारी तिने नवऱ्याला सांगितलं. सुकुमार गेली चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस, आता गुडघ्यांमुळे खुर्चीत. तो म्हणाला, "हुतंय एखाद्या वेळी. माझ्या हातनं न्हाई झालं?"

"तुमच्या हातून झालं तेव्हा तुम्ही महिनाभर सगळ्या आष्ट्याला सांगत फिरत होता, कसे वाचलो म्हणून. हा एक शब्द बोलला नाही."

"त्यो कवा बोलतोय?"

हे मात्र खरं होतं. भरतेश तेहतीस वर्षांचा झाला, तेवढ्यात त्याने जितकं बोलून घेतलं असेल तितकं सुकुमार एका बाजारच्या दिवशी बोलतो. इस्लामपूरला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, पुण्याला कंपनीत आठ महिने राहिला, आणि एक दिवस पेटी घेऊन परत आला. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "तिथं आभाळ दिसत न्हाई." सुकुमारला वाटलं पोरगं कविता करायला लागलं. चंदनाला खरं काय ते कळलं होतं, कारण ते खूळ तिनेच त्याच्या डोक्यात घातलेलं. ती सांगलीच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली. लग्नानंतर त्या पदवीचा उपयोग वर्कशॉपच्या ऑर्डरी लिहून घेण्यापलीकडे झाला नाही. पण प्रयोगशाळेत सोडियमच्या दिव्याच्या दोन पिवळ्या रेघा पहिल्यांदा पाहिल्या तो दिवस ती विसरली नव्हती. एकदा स्वयंपाकघरात चिमूटभर मीठ गॅसच्या ज्योतीवर टाकून तिने भरतेशला तो पिवळा रंग दाखवला होता. मिठातला सोडियम असाच पेटतो आणि आकाशातलाही असाच ओळखतात, असं सांगितलं. पुढचं त्याने स्वतःच वाढवलं.

दुर्बिणीचा आरसा आणि प्रकाश फोडणारी रेघांची काच तेवढी विकत आणली. बाकी सगळं त्याने लेथवर उतरवलं. नळी, दांडा, झडपा, ॲल्युमिनियमची ती पेटी, जिच्यातून ताऱ्याचा प्रकाश आत शिरे आणि इंद्रधनुष्यासारखा पसरून कॅमेऱ्यावर पडे. त्या पट्ट्यात मध्ये मध्ये बारीक काळ्या रेघा असतात. तेवढा तेवढा रंग वाटेत कुणीतरी खाल्लेला असतो. कुणी खाल्ला, हाच भरतेशचा प्रश्न.

सुकुमारला ते समजावून देताना तो एकदा चक्क सलग पाच मिनिटं बोलला होता. सुकुमारच म्हणाला होता, "म्हंजे दुधात पाणी पडलंय एवढं कळलं. पण गोठ्यात पडलं का वाटंत पडलं, हे डेरीवाल्यानं कसं वळखायचं?"

"तेच की, पप्पा. ताऱ्याच्या भवती त्याचा स्वतःचा वायू असतोय, त्यो खातो. आन तारा आन आपण, ह्याच्या मधल्या पोकळीत पण इरळ वायूचे ढग असतात, ते बी खातात. रेघ सारखीच दिसती."

"मग?"

"तारा जर जोडीदाराभवती फिरत असंल, तर कधी आपल्याकडं येतो, कधी लांब जातो. त्याची रेघ त्याच्यासंगं डावी-उजवी सरकती. ढगाला त्याचं काय? ढगाची रेघ जागची हलत न्हाई. लय दिवस बघत राहायचं. जी हलली ती गोठ्यातली. जी हलली न्हाई ती वाटंतली."

"आन ह्ये कळून दुधाचा दर वाढंल का?" सुकुमार म्हणाला, पण कौतुकानेच.

मृग नक्षत्राजवळचा एक तारा भरतेशने निवडला. त्याला नाव नव्हतं, नुसता नंबर. जुन्या यादीत त्याच्यापुढे लिहिलेलं होतं की जोडीदार असावा, खात्री नाही. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो तारा दिसे. आष्ट्याच्या दिव्यांत काही जमेना, म्हणून भरतेश दुर्बीण मोटरसायकलला बांधून कराडवरून पाटणला जाई आणि तिथून वर सड्यावर. उघडा, सपाट, जांभ्या दगडाचा डोंगरमाथा. पवनचक्क्या सोडल्या तर वर काही नाही. तिथे कृष्णात नावाचा फौजेतून निवृत्त झालेला रखवालदार होता. त्याच्या खोलीमागे भरतेशने दुर्बिणीसाठी सिमेंटचा खांब उभा केला.

चंदना एकदा त्याच्याबरोबर गेली होती. कडाक्याची थंडी, वर पात्यांचा घुमघुम आवाज. कृष्णात तिला म्हणाला, "आवं आक्का, ह्यो तुमचा लेक कंचं रेशन खातोय? भाकरी दिली तर म्हनतोय दिवस बुडाला, आता न्हाई. सकाळी कांदा फोडून दिला तर म्हनतोय कांदा न्हाई. फौजेत असता तर दोन दिसांत पळून आला असता."

"आमच्यात रात्रीचं जेवत नाहीत, दादा."

"पानी बी न्हाई?"

"पाणीपण नाही."

"मग रातभर जगतोय कशावर, रेघांवर?"

भरतेश अंधारात हसला. मोठ्याने हसला. मग तिचा हात धरून त्याने तिला कॅमेऱ्याच्या पडद्यापाशी नेलं आणि दाखवलं: सोडियमच्या दोन रेघांपैकी ही एक, गडद, बारीक. आणि हिला खेटून ही दुसरी, फिकट. "आई, दोन्ही हलत नाहीत. गेल्या वर्षीपण इथंच होत्या. म्हणजे ढग दोन आहेत. दुसऱ्याची नोंद कुठंच नाही." त्याच्या आवाजात जे होतं ते तिने आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही.

तीन हिवाळ्यांत त्याने सोळा रात्री नोंदी केल्या. सोळाही अमावास्या.

हे असं का झालं, ते वर्कशॉपमुळे. सुकुमारच्या वडिलांपासून घरचा नियम होता की अमावास्येला लोखंडाला हात लावायचा नाही, लेथ बंद. आजूबाजूचे गवंडी, सुतारही ती सुटी पाळत. भरतेशला महिन्यातून तेवढीच एक रात्र मोकळी मिळे, आणि चंद्र नसल्याने आभाळही काळंभोर. त्याला वाटलं, देवानेच सोय केली.

पौषात साताऱ्याला हौशी आकाशनिरीक्षकांचा मेळावा झाला. तिथे भरतेशने घाम पुसत पुसत दुसऱ्या ढगाबद्दल सांगितलं. टाळ्या झाल्या, शाल मिळाली. बातमी त्याच्या आधी आष्ट्यात पोचली आणि तरुण मंडळाने चौकात फ्लेक्स लावला: 'आष्ट्याचे सुपुत्र, आकाशातील ढगाचे संशोधक'. फोटोत भरतेशच्या डोळ्यांवर कुणीतरी काळा चष्मा चढवला होता. बोर्ड काढा म्हणून तो दोनदा सांगून आला. मंडळाचा अध्यक्ष पृथ्वीराज म्हणाला, "राहू दे की गड्या. पुढाऱ्यांचंच लावायचं का दर वेळी?"

नोंदी त्याने पुण्याच्या एका संस्थेतल्या शास्त्रज्ञ बाईंना, डॉक्टर राजेश्वरींना पाठवल्या होत्या. महाशिवरात्र झाल्यावर त्यांचं उत्तर आलं. भरतेशने वाचलं, फोन चंदनाच्या हातात दिला आणि तो बाहेर गेला.

चंदनाने ते उभ्यानेच वाचलं. बाईंनी फार जपून लिहिलं होतं. तुमची मोजमापं अतिशय काळजीपूर्वक केलेली आहेत. घरी बनवलेल्या यंत्रावर इतकं काम मी पाहिलेलं नाही. मात्र तुमच्या सगळ्या तारखा अमावास्येच्या आहेत. जुन्या संग्रहात या ताऱ्याच्या दोन नोंदी मला सापडल्या, त्या पौर्णिमेच्या सुमाराच्या आहेत. त्यांत गडद रेघ जागेवरच आहे, पण फिकट रेघ तिच्या दुसऱ्या बाजूला गेलेली आहे. तारा जोडीदाराभोवती साधारण साडेएकोणतीस दिवसांत एक फेरी घेत असावा, म्हणजे जवळजवळ अमावास्या ते अमावास्या इतक्याच काळात. त्यामुळे तुम्ही पाहिलं तेव्हा तेव्हा तो फिरून त्याच जागी आलेला होता. गडद रेघ वाटेतल्या वायूची, फिकट रेघ ताऱ्याची स्वतःची. दुसरा ढग नाही. आणि शेवटी, सहज विचारल्यासारखं: निरीक्षणासाठी फक्त अमावास्याच का निवडल्या?

चंदना खाली बसली. त्या प्रश्नाचं उत्तर तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात भरतेश एकदा म्हणाला होता, "आई, ह्या खेपेला पौर्णिमेच्या आसपास जाऊन येऊ का? एकदा मधली तारीखपण बघितली पाहिजे." साखर कारखान्याचा गळीत हंगाम भरात होता, कारखान्याचे दोन शाफ्ट दुरुस्तीला येऊन पडले होते. ऑर्डरींची वही तिच्या हातात. ती म्हणाली, "आता कुठं? अमावास्येला जा की, तेव्हा नाहीतरी लेथ बंदच असतो." पुढच्या हिवाळ्यात त्याने पुन्हा विचारलं, एका गुरुवारसाठी. ती वहीतून मान वर न करताच नाही म्हणाली. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. विचारणं त्याच्या स्वभावात नाही, हे जगात सगळ्यांत जास्त तिलाच माहीत होतं. आणि ती बीएस्सी झालेली. फिरणारी वस्तू नेहमी एकाच वेळी पाहिली तर ती थांबलेली दिसते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

दोन दिवसांनी तिने धीर करून त्याला हे बोलून दाखवलं. तो लेथवरून उतरवलेला तुकडा मोजत होता.

"भरतेश, मीच तुला सोडलं नाही. तू दोनदा विचारलंस."

"तसं न्हाई, आई. मीच समजून घ्यायला पाहिजे होतं."

"एक ढग तर आहे ना? पहिला?"

"त्यो सगळ्यांना आधीच ठाऊक होता."

"मग आता जा. येत्या पौर्णिमेला जा. मी लेथ बंद ठेवते, कारखाना गेला उडत."

त्याने माप काढून ठेवलं. "आता काय बघायचं? त्यांनी बघितलंय की." रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. वाफ्यात पाणी बदलावं तसं त्याने बोलणं बदललं, आणि कुठल्या बेअरिंगचं काय राहिलंय ते सांगायला लागला.

पुण्याच्या उत्तराचं गावात कळलं आणि चौकातला फ्लेक्स उतरला, पण फ्लेक्सच्या गोष्टी उतरत नाहीत. भरतेश केस कापायला गेला तर कुणीतरी म्हणालं, "काय रं भरतेश, ढग फुटला म्हनं?" दुसरा म्हणाला, "फुटला तर पाऊस तरी पडू दे की." सुकुमार तिथेच बाकावर बसलेला. घरी येऊन त्याने चंदनाला सांगितलं, "हसला की त्यांच्यासंगं. तू उगंच मनाला लावून घेतीस." पण तिला ते हसणंच खटकलं. चेष्टा झाली की भरतेश लाल होतो, गप्प होतो. लोकांबरोबर हसणारा भरतेश तिच्या ओळखीचा नव्हता.

मग एका दुपारी भंगाराच्या पिंपात, लोखंडाच्या चुऱ्यात, तिला ॲल्युमिनियमचा एक चकचकीत तुकडा दिसला. हात घालून पाहिलं तर त्या पेटीची बाजू. खाली आणखी होते. त्याने पेटी फोडली नव्हती, एकेक स्क्रू काढून सुटी केली होती आणि भंगारात टाकली होती. तिने तुकडे धुऊन, पुसून, साड्यांच्या कपाटात ठेवले. तो ते शोधायला आला नाही.

आणि मंगळवारची ती चावी.

आणखी एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. गेल्या तीन आठवड्यांत चार वेळा मोटरसायकलच्या चाकांना लाल माती लागलेली होती. आष्ट्याची माती काळी. लाल माती सड्यावरची. तो संध्याकाळचं जेवण उरकून जात होता आणि पहाटे परत येत होता, दुर्बीण न घेता. "पाटणला गेला होतास?" असं तिने विचारलं, तर म्हणाला, "जरा मोकळी हवा." सड्याच्या पश्चिमेला कडा आहे, सरळ खाली तुटलेला. ती गेली होती त्या रात्री कृष्णातने तिला बजावलं होतं, "आक्का, तिकडं जाऊ नगासा." त्या दिशेला नुसता काळोख होता.

शुक्रवारीही तो साडेपाचला जेवला. दोन भाकऱ्या, आमटी, भात. "आमटी चांगली झालीय," म्हणाला. चूळ भरली आणि मोटरसायकल काढली. चंदना दारात उभी राहून वळणापर्यंत बघत राहिली. मग घरातलं आवरून तिने स्वतःच्या फोनवर घेऊन ठेवलेलं राजेश्वरीबाईंचं पत्र पुन्हा उघडलं. कितव्यांदा कोण जाणे. ते पाठच झालं होतं. तरी या वेळी एका वाक्यापाशी ती अडकली: तुम्ही पाहिलं तेव्हा तेव्हा तो फिरून त्याच जागी आलेला होता.

ती स्वतः भरतेशला कधी बघत होती? दुपारी साडेबाराला ताटावर. संध्याकाळी साडेपाचला ताटावर. मधल्या वेळेत तो मशीनमागे, नाहीतर खोलीचं दार लावून. आणि दर वेळी ताटावर तो नीट जेवत होता, आमटीला चांगलं म्हणत होता. जेवतोय ना, मग ठीक आहे, असं म्हणत तिने तीन आठवडे काढले. आई बघणार आहे हे त्याला ठाऊक असतं आणि तेवढ्यापुरता तो जागेवर येतो. बाकीच्या बावीस तासांतल्या भरतेशची तिला काहीही खबर नव्हती. एकट्या मंगळवारीच काय ती तिची वेळ चुकली, दहाच्या सुमाराला ती सहज शेडमध्ये गेली, आणि चावी दिसली.

ती सुकुमारपुढे जाऊन उभी राहिली. "मी कृष्णातला फोन करते."

"त्याला कशाला? गावभर हुईल. उद्या पोराच्या लग्नाचं बघायचं हाय."

"आठ वाजता त्याची ड्यूटी सुरू होते. तोवर भरतेश पोचेल. तो वर जाऊन काय करतो, कुठं बसतो, काही बोलतो का, ते विचारते. आणि भरतेश परत निघेपर्यंत त्याच्याजवळून हलू नका म्हणून सांगते."

सुकुमार हलक्या आवाजात म्हणाला, "आन त्यानं काय वंगाळ सांगितलं तर?"

याच भीतीने तिने इतके दिवस फोन केला नव्हता. न विचारलेल्या गोष्टीचं बरंवाईट काहीही होऊ शकतं, एकदा विचारलं की एकच उरतं. ती जे ऐकेल त्यावर काय करायचं हेही तिला माहीत नव्हतं. मिरजेला मनाच्या आजारांचे डॉक्टर आहेत एवढं ऐकून होती. तिथे भरतेशला कसं न्यायचं, काय सांगून न्यायचं, तो येईल का, काहीच सुचत नव्हतं. आपलं पोर आपल्या हातून निसटलेलं असेल आणि हा फोन फक्त ते कळण्यासाठी असेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

"सांगितलं तर ऐकायचं," ती म्हणाली. "आणि तुम्हीपण इथंच बसा. ऐका."

घड्याळात आठ वाजायला दहा मिनिटं होती. वर पवनचक्क्यांच्या ऑफिसपाशीच तेवढी रेंज येते, कृष्णात आठला तिथे सही करायला येतो. चंदनाने चष्मा लावला, फोनमध्ये त्याचं नाव काढून ठेवलं, आणि आठ वाजायची वाट बघत सुकुमारशेजारी बसली.